दांडा डावीकडे, नाळ उजवीकडे

बाबल्या पागधरे रागावलेले आहेत का, असं डहाणूच्या मांगेलवाड्यात कोणी विचारत नसे. कोणावर, एवढंच विचारत. २०१८च्या पावसाळ्यात याचं उत्तर ठरलेलं होतं: मुलावर. त्याआधी ते बर्फाच्या फॅक्टरीवाल्यावर असत, डिझेलवर असत, एकदा तर अख्खा मार्गशीर्ष महिना एका बगळ्यावर होते. पण ते सगळे राग येऊन-जाऊन असत. मुलावरचा मुक्कामाला आला होता.

बाबल्या तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीवरचा कर्ता माणूस. जाळं कुठे टाकायचं ते तो सांगतो आणि सुकाण त्याच्या हातात असतं. बाबल्यांची जुनी बोट दांड्याची. मागे बसायचं, सुकाणाचा लाकडी दांडा काखेत धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की पाण्यातलं सुकाण उजवीकडे जातं आणि बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, उजवीकडे वळते. दांडा उजवीकडे, तर नाळ डावीकडे. शाळेत गेलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. बाबल्या चौथीपर्यंतच गेले होते, त्यामुळे त्यांना काही अडचण आली नाही. तीस-पस्तीस वर्षं दांडा आणि हात यांच्यामध्ये डोक्याला फारसं काम नव्हतं.

मग मुलाने, दिपकने, जुनी बोट विकून मोठी घेतली. हिला मधोमध केबिन, केबिनमध्ये मासे दाखवणारा पडदा, आणि दांड्याच्या जागी मोटारीसारखं स्टेअरिंग. डावीकडे फिरवलं की डावीकडे. दिपक म्हणाला, "बाबा, आता लहान पोरगंही चालवेल." सोय सांगावी म्हणून तो हे म्हणाला. बाबल्यांनी ते जसं ऐकायचं तसंच ऐकलं.

२०१७च्या नारळी पौर्णिमेला नवी बोट पहिल्यांदा मिरवायची होती. आमच्याकडे त्या दिवशी घरची बाई बोटीला ओवाळते, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ तांडेलाच्या हातात देते, आणि तांडेल बोट खाडीच्या मुखापर्यंत नेऊन नारळ दर्याला देतो. नारळ कोणाच्या हातात दिला, यावरून त्या घरचा तांडेल कोण हे वर्षभरासाठी ठरतं. बँड होता, गुलाल होता, धक्क्यावर सगळा वाडा होता. बाबल्यांच्या पत्नीने, चिमीबाईंनी, नारळ दिला. बाबल्या केबिनमध्ये शिरले. धक्का डाव्या हाताला, मोकळं पाणी उजव्या हाताला. नाळ उजवीकडे काढायची म्हणून त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, चाक डावीकडे फिरवलं. बोट धक्क्याकडे वळली. ती उजवीकडे यावी म्हणून त्यांनी आणखी डावीकडे फिरवलं. नाळेची फळी फुटली. बँडवाल्यांचं लक्ष नव्हतं, त्यामुळे गाणं संपेपर्यंत वाजत राहिलं.

दिपकने बापाच्या हातातून चाक घेतलं, नारळही घेतला. परत आल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून मीच नेईन. तुमचं वय झालं."

वय! बाबल्यांचा डोळा शाबूत, कान शाबूत, दात तर दिपकपेक्षा जास्त. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं सोडलं. एका ताटलीच्या अंतरावर बसून निरोप बायकोमार्फत जात.

"चिमे, तुझ्या मुलाला सांग, मीठ इकडे सरकव."

"आई, त्यांना सांग, आमटी आधीच खारट आहे."

"तुम्ही दोघं मीठ खा नाहीतर माती खा," चिमीबाई म्हणत. "मी काय टपालखातं आहे?"

अशा घरात जावई एक खोकं घेऊन आला.

मनिष रेल्वेत, डहाणू रोडला सिग्नलची देखभाल करणारा. बायको, म्हणजे बाबल्यांची मुलगी शितल, वेवजीच्या शाळेत शिक्षिका. दोघं राहायला तलासरीत. अच्छाडला ढाब्यांच्या ओळीत एक टपरी आहे, तिथे ट्रकवाल्यांनी उतरवलेल्या आणि कोणीच न नेलेल्या वस्तू मिळतात: झाकणाविना कुकर, एका पायाची सँडल, परदेशी खेळणी. मनिषने तिथे जहाजाचा प्लास्टिकचा संच घेतला होता. आत चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे आणि चित्रांचं पत्रक. जोडून कपाटात ठेवायचं, बस. मनिषच्या मनात मात्र त्यात मोटर, बॅटरी आणि रेडिओ बसवून ते पाण्यात चालवायचं होतं. विजेचं काम त्याला येत होतं. प्लास्टिकचे तुकडे मात्र तो चिकटवायला गेला की बोटांनाच चिकटत. जून-जुलै मासेमारी बंद, सासरे घरात बसून छपराच्या पत्र्यांवर रागावत असतात. त्यांच्या हातांना काम मिळेल, असा त्याचा हिशेब.

बाबल्यांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं.

"हा ट्रॉलर आहे."

"हो मामा. युरोपातला. सव्वादोन फूट होईल."

"माझ्या घरात ट्रॉलर आणलास?"

मनिषला आपली चूक कळायला थोडा वेळ लागला. आमच्या किनाऱ्यावरचे लोक उभी जाळी लावून वाट पाहणारे. ट्रॉलर तळापासून खरवडत येतो आणि वाटेतली जाळी फाडून पुढे जातो. बाबल्यांची चार जाळी अशी गेली होती. त्यांनी ट्रॉलरला, त्याच्या मालकाला, युरोपला आणि जावयाच्या तलासरीच्या बिऱ्हाडाला क्रमाने शिव्या दिल्या. मनिष खोकं उचलायला वाकला.

"ठेव," बाबल्या म्हणाले. "सुकाण आहे का याला?"

"आहे ना. रिमोटवर एक काडी असते. ती हलवली की सुकाण वळतं. तुम्ही काठावर उभं राहून चालवायचं."

"केबिनमध्ये जावं लागत नाही?"

"केबिन चार बोटांची आहे, मामा."

"मग ठेव म्हटलं ना. कानात काय कालवं झाली?"

पुढचे दीड महिने पडवीत जे चाललं त्याला छंद म्हणणं अवघड आहे. छंदात माणूस शीळ घालतो. बाबल्या दात खात होते. पत्रकातलं पहिलं चित्र सांगत होतं की बूड आणि डेक चिकटवा. बाबल्यांनी पत्रक मासळीच्या टोपलीखाली घातलं. "आधी डेक लावला तर मोटर काय तोंडातून घालणार?" मुद्दा बरोबर होता, फक्त पत्रकवाल्यांनी मोटरची गोष्ट काढलीच नव्हती. बाबल्यांनी मागच्या बाजूला तापवलेल्या सळईने भोक पाडलं, पितळेची नळी बसवली, नळीत ग्रीस भरलं आणि त्यातून जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा घेतला. ग्रीस असलं की पाणी नळीतून वर चढत नाही. मोटर मनिषने दिली. रेडिओचा संदेश घेणारी डबी ओली होऊ नये म्हणून काय करावं, यावर मनिष इंटरनेट बघत बसला. बाबल्यांनी ती डबी डहाणूत बनलेल्या लाल फुग्यात घातली आणि तोंड जाळ्याच्या दोऱ्याने बांधलं.

संचातलं सुकाण नखाएवढं होतं. "हे शोभेचं आहे," बाबल्या म्हणाले, "दिपकसारखं." त्यांनी पत्र्याचं तिप्पट मोठं कापून लावलं. मागची मासे ओढायची लोखंडी कमान, जिच्यावरून ट्रॉलर ओळखू येतो, ती त्यांनी चिकटवलीच नाही. चिमीबाईंनी ती कपडे वाळवायच्या चिमट्यांत टाकली. रंग मात्र उरलेला, दिपकच्या नव्या बोटीचाच लावला. घरात दुसरा नव्हता.

पहिल्यांदा पाण्यात सोडलं ते वेवजीच्या शाळेमागच्या तळ्यात. खाडीच्या लाटा एवढ्या जहाजाला मोठ्या. सोडल्या सोडल्या ते कुशीवर झोपलं. वरचं वजन जास्त, खाली काहीच नाही. शितल म्हणाली, "बाबा, थोडं शांतपणे घ्या." बाबल्यांनी शांतपणे घरी नेलं आणि जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या बुडात एकेक करून अशा चिकटवल्या, जणू प्रत्येकीशी वैर होतं. दुसऱ्या वेळी जहाज सरळ बसलं, बुडावर आखलेल्या लाल रेघेपर्यंत बुडून.

आता या गोष्टीतला कळीचा भाग. मनिषने सुकाणाची जोडणी केली होती ती सगळं जग करतं तशी: काडी डावीकडे, जहाज डावीकडे. मग तो ड्यूटीवर गेला. बाबल्यांनी एकदा काडी हलवून पाहिली, "गाढवाने उलटं जोडलंय" म्हणाले, आणि सुकाणाला ओढणारी तार दुसऱ्या बाजूच्या भोकात अडकवली. आता काडी डावीकडे ढकलली की नाळ उजवीकडे. काडी म्हणजे दांडा. तळ्यात जहाज असं चाललं की काठावर म्हशी धुणारा माणूस म्हैस धुवायची विसरला. बाबल्या ते कमळाच्या दोन पानांमधून नेत, आठाचा आकडा काढत, पायऱ्यांना वीतभर अंतर ठेवून उभं करत. शितल रोज बघत होती. काडी एकीकडे आणि जहाज दुसरीकडे जातंय हे तिला दिसत होतं, पण बाबा चालवतायत म्हणजे तसंच असेल, असं तिला वाटलं. मनिषला सांगायचं तिला सुचलं नाही. बाबल्यांनी सांगायचा प्रश्नच नव्हता. नाळ दांड्याच्या उलट वळते हे सांगणं म्हणजे पाणी ओलं असतं हे सांगणं.

ऑगस्ट उजाडला. बोटी उतरू लागल्या. जेवताना निरोप गेला.

"चिमे, तुझ्या मुलाला सांग, यंदा नारळ मी नेणार. हाताला काही झालेलं नाही."

दिपकने मान वर केली. "आई, त्यांना सांग, ते खेळणं आपल्या धक्क्यावर चालवून दाखवा. पाण्यावर तरंगते तीन बोये टाकतो. तिन्हींना वळसा घालून परत आणलं तर सुकाण त्यांचं. नाही आणलं तर हा विषय बंद. कायमचा."

"सांगू का?" चिमीबाईंनी विचारलं.

"ऐकलं," बाबल्या म्हणाले. वर्षात पहिल्यांदा ते मुलाच्या बोलण्याला थेट काही म्हणाले, आणि ते एकच क्रियापद होतं.

रविवारी सकाळी भरती भरून पाणी थांबलेलं असताना ठरलं. वाडा जमला. मागच्या वर्षी बोट आपटलेली ज्यांनी पाहिली होती ते आले, आणि ज्यांची हुकली होती ते लवकर आले. मनिष रात्रपाळी करून थेट पडवीत आला. सासरे अंगणात शर्ट शोधत होते, म्हणजे शर्टावर रागावत होते. मनिषने सवयीने एकदा सगळं तपासलं. काडी डावीकडे, आणि सुकाण भलतीकडे. उलटं! रिमोटच्या खालच्या अंगाला अशा वेळेसाठीच एक खटका असतो, दिशा पालटायचा. त्याने तो टिचकीने सरकवला.

मनिष रेल्वेत आहे हे इथे पुन्हा सांगायला हवं. तिथे सिग्नलच्या पेटीतला एक स्क्रू सैल करायचा तरी आधी स्टेशन मास्तरला कळवून सही घ्यावी लागते. का, ते त्याला पाठ होतं: दुसरा माणूस त्या सिग्नलवर विसंबून गाडी सोडत असतो. सासऱ्याच्या बाबतीत त्याने ही पद्धत पाळली नाही. सांगितलं तर भांडण होईल, नाही सांगितलं तर काम होईल, असा विचार त्याने केला. घराघरात मोठे अपघात याच विचाराने होतात.

जहाज पाण्यात सोडलं. धक्का डाव्या हाताला. पहिला बोया उजवीकडे, पुढे.

बाबल्यांनी काडी डावीकडे ढकलली. जहाज डावीकडे वळलं.

गर्दीतून एक "ओ" निघाला. बाबल्यांनी काडी आणखी डावीकडे ढकलली, टोकापर्यंत. जहाज आणखी धक्क्याकडे आलं. त्यांनी वेग कमी केला नाही. छत्तीस लोकांसमोर वेग कमी करणारा तांडेल मांगेलवाड्यात जन्माला आलेला नाही. नाळ दगडी पायरीवर बसली, मागच्या वर्षीच्या जागेपासून फार तर दोन हातांवर. प्लास्टिक तडकलं. पाणी आत गेलं, पुढचा भाग बुडाला, शेपूट वर आलं, आणि पंखा हवेत फिरत राहिला. लाल फुग्याने आपलं काम चोख केलं होतं.

लोक हसले. थोडेसेच, पण अंतर कमी होतं.

"चाक असो नाहीतर काडी," दिपक म्हणाला, "हात तोच."

बाबल्या रागावले नाहीत. त्यांना ओळखणारे घाबरले. त्यांनी रिमोट पायरीवर ठेवला, दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे करून पाहिले आणि घरी चालते झाले. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. चिमीबाईंनी चहा ठेवला, तो निवला. ह्या माणसाला निवलेल्या चहावर न रागावताना कोणी पाहिलं नव्हतं.

शितल भिजलेलं जहाज घेऊन मागोमाग आली. फुगा सोडून डबी पुसली, अजून चालतंय का म्हणून काडी हलवली. थांबली. परत हलवली.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. "तळ्यात काडी इकडे केली की जहाज तिकडे जायचं. हे उलटं कोणी केलं?"

"उलटं नाही केलं," मनिष म्हणाला. "सुलटं केलं."

"तू?"

"एक खटका असतो. सरळ करून ठेवला. मला वाटलं, मामांकडून चुकून..."

"सांगितलंस त्यांना?"

"ते शर्ट शोधत होते."

भिंतीकडचं तोंड वळलं. "कुठला खटका?"

मनिषने दाखवला. शेंगदाण्याएवढा. बाबल्यांनी रिमोट घेतला, खटका सरकवला, काडी हलवली, सुकाणाकडे पाहिलं. परत सरकवला, परत हलवली. पत्र्याचं सुकाण एकदा इकडे, एकदा तिकडे. मनिष भिंतीला टेकून आपल्या वाटणीच्या शिव्यांची वाट पाहू लागला. पण बाबल्या त्याच्या बाजूने सरळ पुढे गेले, दारात उभ्या असलेल्या दिपकसमोर.

"एवढासा खटका," ते म्हणाले. आवाज समोरच्या चार घरांत गेला. "एवढासा! एक वर्ष मला वाड्यात तोंड दाखवायला जागा नव्हती. माझा हात गेला, माझा डोळा गेला, माझं वय झालं! आणि एवढ्याशा खटक्याचं काम होतं? ह्या दीडदमडीच्या खेळण्याला तो आहे, आणि लाखोंच्या बोटीला नाही?"

"बोटीला खटका नसतो, बाबा."

"मग चाकापासून सुकाणाला जाणारी साखळी उलटी टाक!"

"उलटी टाकली तर मी कसा चालवू? मी आपटेन ना!"

"आपट! आपट एकदा त्या धक्क्यावर, सगळ्यांसमोर, बँड लावून! मग मीठ आईकडून मागव आणि तू मला सांग वय कोणाचं झालं!"

दिपकही बापाचाच मुलगा निघाला. "पैज हरलात," तो म्हणाला. "जहाज फुटलं, सगळ्यांनी पाहिलं. खटका तुमच्या जावयाने दाबला, मी नाही. नारळ मी नेणार."

"मामा, परत एकदा चालवून दाखवा," मनिष म्हणाला. "मी नाळ चिकटवून देतो."

"तू तर तोंडच उघडू नकोस. एकदा पास झालेल्याने परत परीक्षा कशाला द्यायची?"

भांडण तिथेच अडकलं, आणि दोन आठवडे तसंच राहिलं. फरक एवढाच की आता निरोप बायकोमार्फत जात नव्हते. बापलेक थेट भांडत, न्याहारीपासून. चिमीबाई म्हणाल्या, टपालखातंच बरं होतं.

पौर्णिमेला बोट सजली. पताका लागल्या. दिपक नवा पांढरा शर्ट घालून केबिनच्या दारात उभा राहिला. चिमीबाईंनी नाळेला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, आणि नारळ हातात घेऊन तिथेच पायरीवर बसल्या.

"दे ना आई."

"कोणाला देऊ?"

"मला."

"मागल्या वर्षी ह्यांच्या हातात दिला होता. तू काढून घेतलास. मी तुला दिलेला नव्हता. आज दिला तर मी दिल्यासारखं होईल."

"मग त्यांना देणार? चाकावर ते परत आपटतील!"

"ते मला काय सांगतोस? बोट तुझी आहे. काय करायचं ते कर. माझ्या मांडीवर नारळ जड होत नाही."

बाकीच्या बोटी सुटू लागल्या. भरती थांबत नाही. मुखाशी रेतीचा पट्टा आहे, पाणी उतरलं की सगळं संपलं. बँडवाले दुसऱ्यांदा तेच गाणं वाजवू लागले. दिपकने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाबल्या धक्क्यावर हाताची घडी घालून उभे होते आणि विनवणी करत नव्हते.

शेवटी दिपक शिवी हासडून मागे गेला. केबिनवाल्या बोटीतही सुकाणाच्या डोक्यावर एक चौकोनी खोबण असते. साखळी तुटली तर तिच्यात लोखंडी पाईप बसवून बोट घरी आणता यावी म्हणून. पाईप बर्फाच्या खणाखाली होता, गंजलेला. नव्या शर्टावर गंज घेत दिपकने साखळीचा पिन काढला, पाईप ठोकून बसवला आणि ओरडला, "या! घ्या तुमचा दांडा! पण सांगून ठेवतो, मागे बसून तुम्हाला पुढचं काही दिसणार नाही. मध्ये केबिन आहे!"

"केबिन कोणी आणली?"

"मी!"

"मग तूच पुढे उभा राहा आणि सांग."

चिमीबाईंनी नारळ बाबल्यांच्या हातात दिला. बोट सुटली. मागे बाबल्या, काखेत पाईप. पुढे नाळेवर दिपक. मधल्या केबिनमध्ये चाक आपल्या आपण रिकामं डुलत होतं. धक्क्यावरून लोकांना बँडपेक्षा त्या दोघांचा आवाज जास्त ऐकू येत होता.

"उजवीकडे घ्या! उजवीकडे! बोया आहे!"

"दिसला!"

"कसा दिसेल? भिंत आहे मध्ये!"

"मग विचारतोस कशाला, ओरड नुसता!"

बाबल्यांनी पाईप डावीकडे ढकलला. नाळ उजवीकडे गेली. बोट बोयाला वीतभर सोडून वळली, खाडीच्या मुखाला लागली, आणि तिथे त्यांनी नारळ दर्याला दिला. हात जोडताना ते काही पुटपुटले. जवळच्या खलाशाच्या म्हणण्याप्रमाणे ती प्रार्थना नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला धंद्यावर जायचं होतं. संध्याकाळी दिपकने पाईप काढून साखळी परत चढवली. मासेमारीला चाक लागतं, पडदा केबिनमध्येच असतो. हे बाबल्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी कोणाला थांबवलं नाही. ते शेजारी उकिडवे बसून पान्याकडे बघत होते.

"बोल्ट सैल राहिला," ते म्हणाले.

"घट्ट आहे."

"सैल आहे. भर समुद्रात निघाला की मग मला हाक मार."

दिपकने पाना त्यांच्यापुढे आपटला. "घ्या! तुम्हीच आवळा!"

बाबल्यांनी पाना उचलला आणि शिव्या देत दोन आटे आणखी फिरवले. दोन्ही सहज फिरले.